हर्मिट क्रॅबच्या टाकीत निचऱ्याचा थर हवा का? हवा असेल तर तो कसा करायचा?

रंगीत शंख पाठीवर घेऊन काचेच्या टाकीत फिरणाऱ्या हर्मिट क्रॅबची रील तुम्हीही पाहिली असेल. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा हा खेकडा सांभाळायला एकदम सोपा, असे त्या रीलखाली बहुधा लिहिलेले असते. रीलमध्ये न दिसणारी गोष्ट रेतीच्या आत घडते. कात टाकण्यासाठी हा खेकडा खोल बिळात उतरतो, आठवडेच्या आठवडे तिथेच राहतो आणि त्या काळात टाकीच्या तळाशी पाणी साचले तर बिळातच बुडून मरतो. मालकाला पत्ता लागतो तो वास आल्यावर.

म्हणूनच टाकीच्या तळाशी 'ड्रेनेज लेयर' म्हणजे निचऱ्याचा थर करावा, असा सल्ला दिला जातो. कुंडीच्या बुडाशी खापराचे तुकडे घालतो तसाच हा प्रकार. पण कुंडीला खाली भोक असते, टाकीला नसते. या एका फरकामुळे सगळे गणित बदलते. ते गणित काय, थर कोणाला लागतो, कोणाला लागत नाही आणि करायचाच असेल तर कसा, हे पाहू.

थोडक्यात

- निचऱ्याचा थर जादा पाणी साठवतो, रेती कोरडी करत नाही. साठलेले पाणी तुम्हालाच बाहेर काढावे लागते.
- रेतीचा ओलावा नीट राखला आणि टाकीचे झाकण घट्ट असले तर बहुतेक घरांत या थराची गरज पडत नाही.
- खेकड्याला खणायला मिळणारी रेती थराच्या वर मोजायची. ती किमान १५ सेंटिमीटर हवी.
- खेकडा रेतीखाली असताना टाकी उकरायची नाही. तळाशी पाणी भरले असेल तरच याला अपवाद.

आधी खेकडा ओळखा

हर्मिट क्रॅब हे एका जातीचे नाव नाही. या गटात शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक समुद्रात राहतात. जमिनीवर राहणारे हर्मिट क्रॅब मुख्यतः सीनोबिटा या प्रजातीतले. त्यांच्या साधारण १५ ते २० जाती आहेत. भारतात ते अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या बेटांवर सहज दिसतात. निचऱ्याचा थर, रेतीचे बीळ, आर्द्रता ही सगळी चर्चा याच खेकड्यांची.

गणपतीपुळे, हर्णै किंवा मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत जे शंखवाले खेकडे दिसतात, ते बहुतेक क्लिबनेरियस किंवा डायोजेनिस या समुद्री प्रजातींचे असतात. त्यांना रेतीची टाकी उपयोगाची नाही, त्यांना समुद्राचे पाणी लागते. बाटलीत घालून वाशिमपर्यंत आणलेला असा खेकडा कितीही चांगला थर केला तरी जगणार नाही. ते खेकडे बघायचे तर किनाऱ्यावरच बघावेत. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन फेऱ्या काढतो. हात न लावता किती जीव पाहता येतात, हे तिथे कळते.

आणखी एक गोष्ट. जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबची मादी अंडी समुद्रात सोडते आणि पिल्ले सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात तरंगत वाढतात. बंदिस्त जागेत हे घडवून आणणे फार अवघड. जगभरात मोजक्या छांदिष्टांनाच ते जमले आहे. त्यामुळे दुकानात दिसणारा खेकडा जवळजवळ नेहमी किनाऱ्यावरून पकडून आणलेला असतो. त्याचा मोठा भाऊबंद असलेला नारळी खेकडा भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, काही शंखांनाही तसे संरक्षण आहे. खेकडा किंवा शंख विकत घेण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी केलेली बरी.

रेतीखाली नेमके काय चालते?

खेकड्याचे कवच वाढत नाही. शरीर वाढले की जुने कवच टाकावे लागते. यालाच कात टाकणे म्हणायचे. नवे कवच सुरुवातीला मऊ असते आणि त्या दिवसांत कोणताही शेजारी त्याला खाऊ शकतो. म्हणून हर्मिट क्रॅब रेतीत खोल उतरतो, स्वतःभोवती एक छोटी पोकळी करतो आणि तिथे कात टाकतो. टाकलेले कवचही तो खातो, कारण नवे कवच कडक व्हायला त्यातले कॅल्शियम लागते.

लहान-मध्यम खेकड्याला या कामी साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. मोठ्याला काही महिनेही लागू शकतात. या काळात त्याला दोन गोष्टी हव्यात. एक, पोकळी ढासळणार नाही इतकी घट्ट ओली रेती. दोन, पोकळीत हवा. जमिनीवरचा हर्मिट क्रॅब हवेतला प्राणवायू घेतो. त्याचे कल्ले ओले राहावे लागतात, पण तो पाण्याखाली फार वेळ जगत नाही.

शेतकरी घरातल्या माणसाला हे एका शब्दात सांगता येते: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही, मातीच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, अशी अवस्था. वाफसा आल्याशिवाय पेरणी करत नाहीत. खेकड्याच्या रेतीला कायम वाफसा हवा. कोरडी पडली तर बीळ ढासळते आणि कल्ले सुकतात. चिखल झाला तर पोकळीत पाणी भरते.

ओळखायची खूण सोपी आहे. मूठभर रेती दाबा. लाडू वळला पाहिजे, तो न फुटता तळहातावर राहिला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये.

तळाशी पाणी येते कुठून?

टाकी चारी बाजूंनी बंद. आत आलेले पाणी वाफ होऊन झाकणातून गेले तरच जाते, नाहीतर खालीच उतरते. ते येण्याच्या वाटा पुढीलप्रमाणे:

1. फवारणी. आर्द्रता कमी दिसली की माणूस स्प्रेची बाटली उचलतो. रोजचे दोन-चार फवारे महिन्याभरात तळाशी जमतात.
2. पाण्याची भांडी. हर्मिट क्रॅबला दोन भांडी लागतात, एक गोड्या पाण्याचे आणि एक समुद्री मिठाच्या पाण्याचे. खेकडा भांड्यात उतरतो, शंखात पाणी भरून घेतो आणि रेतीत येऊन सांडतो. भांडे उलटले तर बघायलाच नको.
3. काचेवरचे दव. टाकीतली हवा गरम आणि दमट, बाहेरची काच गार. मग आतून पाण्याचे थेंब धरतात आणि काचेच्या कडेने ओघळत थेट तळाशी जातात. वरची रेती कोरडी दिसते आणि खाली तळे होते.
4. सुरुवातीचीच चूक. कोकोपीट भिजवून न पिळता रेतीत मिसळले तर पहिल्या दिवसापासून टाकीत जादा पाणी असते.

निचऱ्याचा थर काय करतो आणि काय करत नाही?

इथे एक मोठा गैरसमज आहे. खाली खडी घातली की वरचे पाणी आपोआप खडीत उतरेल आणि रेती कोरडी राहील, असे वाटते. तसे होत नाही.

घरी करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा. आणखी पाणी गळेल आणि पुन्हा थांबेल, पण स्पंजची खालची कड चिंब ओलीच राहील. बारीक छिद्रांमध्ये पाणी धरून ठेवायची ताकद असते. स्पंजखाली खडी ठेवली तरी ती कड सुकत नाही.

रेतीचेही असेच. बारीक कणांमधले पाणी खालच्या जाड खडीत तेव्हाच पडते, जेव्हा रेतीची खालची कड पूर्ण भरते. म्हणजे खडीच्या लगेच वर एक चिंब पट्टा राहणारच. खडी नसती तर तो पट्टा टाकीच्या बुडाशी असता, खडी घातल्यावर तो तेवढा वर सरकला. रेती जितकी बारीक, तितका हा पट्टा उंच.

मग थराचा उपयोग काय? चुकून जास्त पाणी पडले, भांडे उलटले किंवा दव ओघळले, तर ते पाणी रेतीत वर चढत जाण्याऐवजी खालच्या पोकळ जागेत मावते. आणि त्या जागेत नळी सोडलेली असेल तर ते उपसता येते. थर म्हणजे टाकीतला शोषखड्डा नव्हे, हौद आहे. हौद उपसला नाही तर तो भरतो आणि साचलेले पाणी नासते.

थर कोणाला लागतो, कोणाला नाही?

टाकी छोटी असेल, झाकण घट्ट असेल, फवारणी बंद असेल आणि रेती लाडूच्या कसोटीला उतरत असेल, तर थर नको. खणायची जागा कमी होते, खर्च वाढतो आणि जाळी फाटून खेकडा खाली अडकण्याचा धोका येतो.

थर उपयोगी पडतो तो मोठी भांडी, त्यात हवेचा पंप, धबधबा किंवा धुक्याचे यंत्र ठेवलेल्या मोठ्या टाकीत. तसेच जिथे वर्षातून दोन-तीनदा हवामान पार उलटते अशा ठिकाणी.

असे एक ठिकाण म्हणून शिरपूर जैन घ्या. वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातले, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभर माहीत असलेले हे गाव. समुद्र इथून सरळ रेषेतही ४०० किलोमीटरहून जास्त दूर. किनाऱ्यावरच्या प्राण्याला लागणारी २४ ते २९ अंश सेल्सिअसची ऊब आणि ७५ ते ८५ टक्के आर्द्रता इथे वर्षभर एकसारखी मिळत नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर, दुपारची हवा सुकी ठणठणीत. पावसाळ्यात कपडे दोन दिवस वाळत नाहीत. हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा. तिन्ही ऋतूंत टाकीतले पाणी वेगळे वागते.

साहित्य

उदाहरणासाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ४५ उंच अशी काचेची टाकी धरली आहे. ४ सेंटिमीटरचा थर आणि त्यावर २० सेंटिमीटर रेती.

- खडी किंवा मातीचे भाजलेले गोळे: सुमारे ७ लिटर. नर्सरीत मिळणारे लेकाचे गोळे हलके असतात. बांधकामाची बारीक गिट्टी चालते, आपल्याकडची गिट्टी काळ्या बेसाल्ट दगडाची असते आणि पाण्यात काही सोडत नाही. मात्र भुकटी पूर्ण निघेपर्यंत धुवावी. सिमेंट लागलेले तुकडे नकोत.
- कडक प्लॅस्टिकची जाळी: छतावरच्या लाइटला लावतात ती चौकोनी घरांची जाळी उत्तम. खेकडा खणत आला तर इथे थांबतो.
- बारीक जाळी: खिडकीला लावतात ती फायबरग्लासची मच्छर जाळी, दुहेरी. धातूची जाळी अजिबात नको. तांबे आणि जस्त खेकड्यांना विषारी ठरतात आणि ओलाव्यात ते उतरतात.
- पीव्हीसी पाइप: १ इंची, टाकीच्या उंचीपेक्षा थोडा कमी, वर बसणाऱ्या टोपणासह.
- रेती: ३० लिटर, मध्यम दाण्याची, चाळलेली आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलेली.
- कोकोपीट: ६ लिटर. विटेच्या आकारात मिळते. खत मिसळलेले नको. दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यावे.
- नळी आणि मोठी सिरिंज: पाणी उपसायला. मत्स्यालयाची हवेची बारीक नळी पुरते.

शेतातली माती टाकीत घालू नका. याला दोन कारणे आहेत. आपली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि पाणी धरून ठेवते, तिच्यात निचरा होतच नाही. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. सोयाबीन-कापसाच्या शेतात कीटकनाशके पडलेली असतात. खेकडा हा किड्यांचा दूरचा नातेवाईक आहे आणि किड्याला मारणारे औषध त्यालाही मारते. याच कारणाने टाकीच्या खोलीत डासांचा स्प्रे, कॉइल किंवा लिक्विड मशीनही नको.

कृती

1. जागा ठरवा. रेती भरल्यावर टाकी हलवता येणार नाही. ३६ लिटर ओल्या रेतीचेच वजन ६० किलोच्या पुढे जाते. गिट्टी, काच आणि भांडी धरून ८० किलो समजा. भिंतीतल्या फळीवर किंवा टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका. ऊन थेट पडणार नाही अशी भक्कम, सपाट जागा हवी.
2. पाइप तयार करा. खालच्या टोकाला करवतीने चार-पाच खाचा पाडा, म्हणजे पाणी आत शिरेल. खाचांवर मच्छर जाळी गुंडाळून प्लॅस्टिकच्या केबल टायने बांधा. पाइप चिकटवायचे सोल्युशन वापरू नका, त्याचा वास टाकीत राहतो.
3. पाइप कोपऱ्यात उभा करा. समोरचा कोपरा घ्या. बाहेरून पाण्याची पातळी दिसेल आणि नळी घालायला सोपे जाईल.
4. खडी पसरा. सगळीकडे ४ सेंटिमीटर. हाताने सपाट करा. कुठे उंचवटा नको, नाहीतर वरची जाळी डुगडुगेल.
5. कडक जाळी बसवा. टाकीच्या आतल्या मापात कापा. पाइपसाठी कोपऱ्यात गोल खाच घ्या. कडेला बोट जाईल इतकीही फट राहता कामा नये. छोटा खेकडा अशाच फटीतून खाली जातो आणि परत वर येऊ शकत नाही.
6. मच्छर जाळी घाला. टाकीपेक्षा सगळ्या बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठी कापा आणि कडा काचेला लागून वर वळवा. वरून रेती पडली की कडा दाबल्या जातात आणि रेती खाली गळत नाही.
7. मिश्रण करा. ५ भाग रेती, १ भाग कोकोपीट. मोठ्या घमेल्यात कोरडेच मिसळा आणि मग थोडे थोडे पाणी शिंपडत कालवा. नळाचे पाणी असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन घालून वापरा. दर वेळी लाडूची कसोटी घ्या. पाणी जास्त झाले तर आणखी कोरडी रेती घाला.
8. थराथराने भरा. ५ सेंटिमीटर घाला, तळहाताने दाबा, मग पुढचे ५. सैल भरलेल्या रेतीत बीळ टिकत नाही. एकूण २० सेंटिमीटर भरा. मोठा खेकडा असेल तर रेतीची खोली त्याच्या उंचीच्या तिप्पट हवी, आणि १५ सेंटिमीटरपेक्षा कमी कधीच नको.
9. भांडी ठेवा. भांडी रेतीत थोडी दाबून बसवा म्हणजे उलटणार नाहीत. आत दगड किंवा जाळीचा उतार करा, खेकड्याला चढून बाहेर येता आले पाहिजे. खाऱ्या भांड्यासाठी मत्स्यालयाचे समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घाला. स्वयंपाकाचे मीठ नको.
10. आठवडाभर रिकामी चालवा. झाकण लावून, तापमान आणि आर्द्रता रोज दोनदा टिपा. पाइपमध्ये पाणी जमते का पाहा. सगळे स्थिर झाल्यावरच खेकडे सोडा.

खडीऐवजी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर जाळी टेकवून खाली पूर्ण पोकळ जागाही करतात. या मापाच्या टाकीत तशा पोकळीत ६ ते ७ लिटर पाणी मावते, खडीच्या थरात मात्र ३ लिटरच्या आसपास, कारण बाकीची जागा खडीच खाते. पोकळीचा हौद मोठा, पण जाळी फाटली तर खेकडा थेट खाली पडतो. पहिल्यांदाच करत असाल तर खडीचा थर जास्त सुरक्षित.

उपसा कसा आणि कधी?

आठवड्यातून एकदा पाइपचे टोपण काढा, बॅटरीच्या उजेडात आत पाहा. पाणी १ सेंटिमीटरच्या वर असेल तर नळी सोडून सिरिंजने ओढा. तोंडाने ओढू नका, त्या पाण्यात जिवाणू असतात. काम झाले की टोपण परत लावा, नाहीतर एखादा खेकडा पाइपमध्ये उतरेल.

उपसलेले पाणी हुंगा. पावसानंतरच्या मातीसारखा वास असेल तर ठीक. नासलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे खाली हवा पोचत नाही आणि कुजण्याची क्रिया चालू आहे. अशा वेळी हौद पूर्ण उपसा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासा.

वऱ्हाडातले तीन ऋतू

उन्हाळा. घरातली हवा कोरडी, टाकीची आर्द्रता घसरते आणि माणूस पाणी ओततो. पाणी ओतणे हा उपाय नाही, झाकण हा उपाय आहे. जाळीचे झाकण असेल तर त्यावर काच किंवा ॲक्रिलिकची शीट ठेवा, बारीक फट सोडा. खरा प्रश्न उष्णतेचा असतो. टाकीतले तापमान ३२ च्या वर टिकून राहिले तर खेकड्याच्या जिवावर बेतते. ओले गोणपाट टाकीच्या बाहेरून काचेला लावा. कोरड्या हवेत ते माठासारखे काम करते. टाकी घरातल्या सर्वात गार, आतल्या खोलीत हलवायची तर ती रिकामी असतानाच, म्हणून जागा ठरवताना मे महिना डोळ्यापुढे ठेवा.

पावसाळा. बाहेरचीच आर्द्रता इतकी की टाकीतून काहीच उडून जात नाही. उन्हाळ्याच्या सवयीने फवारणी चालू ठेवली तर जुलैत टाकी भरते. फवारणी बंद करा, झाकणाची फट थोडी वाढवा आणि पाइप आठवड्यातून दोनदा तपासा.

हिवाळा. रात्री काच गार पडते आणि दव सर्वात जास्त धरते. मागच्या आणि दोन बाजूंच्या काचांना बाहेरून थर्माकोल लावा. उबेसाठी हीटिंग पॅड वापरत असाल तर तो रेतीच्या पातळीच्या वर, मागच्या काचेला बाहेरून लावा. टाकीखाली ठेवला तर कात टाकणारा खेकडा शेकून निघतो आणि तळाची काच तडकू शकते.

तळाशी पाणी दिसले तर काय करायचे?

काचेतून खालच्या भागात गडद ओला पट्टा दिसणे वेगळे आणि पाण्याची रेघ दिसणे वेगळे. पट्टा नेहमीचाच, पाण्याची रेघ म्हणजे धोका.

- पाणी फक्त थरात असेल तर उपसा करा. रेतीला हात लावू नका.
- पाणी रेतीत चढले असेल, पण खेकडे सगळे वर असतील तर त्यांना दमट डब्यात झाकण लावून ठेवा, रेती काढा, पसरवून कोरडी करा आणि पुन्हा भरा.
- खेकडा खाली असेल आणि पाणी २-३ सेंटिमीटरच असेल तर भांडी काढा, झाकण अर्धे उघडा आणि पाइपमधून हळूहळू उपसा. पाइप नसेल तर खेकडा नसलेल्या कोपऱ्यात नवा पाइप फिरवत खाली घाला.
- पाणी बिळापर्यंत पोचले असेल तर वाट पाहू नका. चमचा किंवा खुरपे न वापरता, हाताने कडेकडेने रेती काढत जा. खेकडा सापडला की त्याला आजूबाजूच्या रेतीसकट उचला, त्याने टाकलेले कवचही सोबत घ्या आणि वाफशाची रेती असलेल्या वेगळ्या, अंधाऱ्या, दमट डब्यात ठेवा. त्याला शंखातून ओढून काढायचा प्रयत्न करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टाकीच्या तळाला भोक पाडले तर?
नको. टफन ग्लास असेल तर भोक पाडताना चुरा होतो. साधी काच असली तरी ८० किलो वजनाखाली ते भोक कमकुवत जागा ठरते.

रंगीत खडे चालतील का?
रंग ओलाव्यात सुटतो. रंगवलेले शंखही त्याच कारणाने टाळावेत. खेकडा रंगाचे पापुद्रे खातो.

कोळशाचा थर घालावा का?
वास शोषण्यासाठी काही लोक घालतात. कोळशाची शोषायची क्षमता काही काळाने संपते आणि रेतीखालचा कोळसा बदलता येत नाही. उपसा वेळेवर केला तर त्याची गरज नाही.

फक्त कोकोपीट भरले तर?
ते हलके असते, दाबून बसत नाही आणि ओले राहिले की बुरशी धरते. बीळ टिकायला रेतीच हवी.

चालू टाकीत नंतर थर घालता येईल का?
त्यासाठी सगळी रेती काढावी लागते. म्हणून शेवटचा खेकडा कात टाकून वर येईपर्यंत थांबा किंवा दुसरी टाकी तयार करून वर आलेले खेकडे एकेक करून हलवा.

खेकडा दोन महिने दिसला नाही. मेला असेल का?
एवढ्यावरून सांगता येत नाही. दोन महिने हा कात टाकण्याचा साधारण काळ आहे. कुजलेल्या मासळीचा तीव्र वास येत नसेल आणि तळाशी पाणी नसेल तर थांबा.

आणायच्या आधी

रानात हर्मिट क्रॅब ३० वर्षांहून अधिक जगू शकतो. घरातल्या टाकीत तो वर्षभरही न टिकण्याचे कारण बहुधा कोरडी हवा, उथळ रेती किंवा तळाशी साचलेले पाणी असते. ही तिन्ही कारणे टाळता येतात, पण त्यासाठी वर्षानुवर्षे दर आठवड्याला टोपण उघडून आत पाहावे लागते. तेवढी तयारी नसेल तर खेकडा न आणणे हाच सगळ्यात चांगला निर्णय. आणि कोणी आधीच आणला असेल, तर त्याला विहिरीत, नदीत किंवा शेतात सोडू नका, तिथे तो जगणार नाही. आजच मूठभर रेती दाबून लाडू वळतो का पाहा आणि काचेच्या तळाशी पाण्याची रेघ आहे का, तेही तपासा.